भावाला काहीच त्रास नव्हता, मला एवढा आहे. मग मला कॅन्सर आहेच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ५७. वर्षभरापासून रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, लघवी होऊनही थोडी आत राहिल्यासारखी वाटते. दोन महिन्यांपूर्वी एकदा वीर्यात रक्त दिसलं. मोठ्या भावाला ६४व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि त्यांना कसलाच त्रास नव्हता. सहज केलेल्या रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन) वाढलेला दिसला, तिथून पुढे सगळं कळलं. तुम्ही ‘धोक्याच्या लक्षणांची’ एक यादी वाचलीत, तिच्यातली चार लक्षणं जुळली. आता विचारताय की भावाला एकही लक्षण नसताना निघाला, मला तर चार आहेत, म्हणजे मला आहेच असं धरू का? शिवाय तीस वर्षांच्या मुलालाही तपासून घ्यायला सांगू का?

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतोय आणि हा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा तरी समोर येतो. भीती वाटणं साहजिक आहे, पण तुमच्या हिशोबात एक गफलत आहे. जितकी लक्षणं जास्त तितका कॅन्सर पक्का, हा हिशोब इतर काही आजारांत चालत असेल, सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये चालत नाही. भावाला काहीच जाणवलं नाही, यात नवल नाही. सुरुवातीला हा आजार बहुतेकांत असाच गुपचूप असतो. तुम्हाला जे होतंय ते बहुतेक वेळा वयानुसार प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने होतं. अर्थात एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून न तपासता ‘तुम्हाला नाही’ असंही मी म्हणणार नाही. तपासणी तुम्हाला करायचीच आहे, पण तिचं मुख्य कारण तुमची लघवी नसून तुमचा भाऊ आहे.

हे असं का, ते समजायला ग्रंथीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. प्रोस्टेट ही तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रनलिका तिच्या मधोमध जाते, मण्यातून दोरा ओवावा तशी. जॉन मॅक्नील नावाच्या पॅथॉलॉजिस्टने या ग्रंथीचे वेगवेगळे विभाग दाखवून दिले, आणि आमच्या कामाची बरीचशी घडी त्या विभागणीवर बसलेली आहे. नलिकेला बिलगून असलेला आतला भाग वयाबरोबर फुगतो. तो फुगला की नलिका चेपली जाते, धार बारीक होते, कुंथावं लागतं. कॅन्सर मात्र साधारण ७० टक्के वेळा बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथे वाटाण्याएवढी गाठ झाली तरी नलिकेला तिचा धक्काही लागत नाही. लघवी कारंज्यासारखी होत राहते आणि माणूस निर्धास्त असतो. गाठ नलिकेपर्यंत पोचून लघवी अडवू लागते तेव्हा ती बहुधा बरीच मोठी झालेली असते.

म्हणूनच लक्षणांच्या त्या याद्यांवर माझा राग आहे. त्यातली विधानं खोटी नसतात, पण वाढलेल्या ग्रंथीची, जंतुसंसर्गाची, मधुमेहाची आणि पसरलेल्या कॅन्सरची लक्षणं एकाच ओळीत बसवलेली असतात. वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांचं वजन सारखंच. तसं नाही. तुमची एकेक तक्रार घेऊन बोलतो.

रात्री तीनदा उठणं. याने माणूस जितका घाबरतो तितका कॅन्सरशी त्याचा संबंध नाही. मी अशा माणसाला आधी गोळी देत नाही, एक मापाचं भांडं आणि वही घ्यायला सांगतो. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहायचं, काय आणि किती प्यालो तेही लिहायचं. एक गृहस्थ ‘ग्रंथीचं ऑपरेशन करून टाका’ म्हणत आले होते. त्यांची वही पाहिली तर दिवसा धार उत्तम, माप नीट, आणि रात्री झोपल्यापासून उठेपर्यंत ९०० मिलीलिटर लघवी. चोवीस तासांतली जवळपास निम्मी! पायांकडे पाहिलं तर मोज्यांचे वळ खोल उमटलेले. दिवसभर पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येत होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत होती. अशा वेळी ग्रंथी कापून काय उपयोग? त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. चोवीस तासांतल्या लघवीचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा रात्रीचा असेल, तर दोष ग्रंथीकडे कमी आणि हृदय, पाय, साखर, झोपेत श्वास अडकणं किंवा औषधांच्या वेळा यांच्याकडे जास्त असतो. उलट रात्री प्रत्येक वेळी जेमतेम १०० मिलीलिटर होत असेल, तर मूत्राशय आणि ग्रंथीकडे बघायचं. तुमचं यातलं काय आहे, ते वहीशिवाय मला इथून सांगता येणार नाही.

बारीक धार आणि लघवी उरल्याची भावना ही वाढलेल्या ग्रंथीची ठरलेली भाषा आहे. त्रास किती आहे हे मोजायला आम्ही सात प्रश्नांची एक पत्रिका वापरतो. ० ते ७ गुण म्हणजे सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. ही पत्रिका त्रास मोजते, कॅन्सर नाही. ३० गुणांचा माणूस कॅन्सरमुक्त असतो आणि २ गुणांच्या माणसात गाठ सापडते, हे मी कितीदा पाहिलंय. लघवी खरोखर किती उरते ते लघवी करून आल्यावर केलेल्या सोनोग्राफीत दिसतं. एक सूचना मात्र लगेच पाळा. सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. आधीच चेपलेली नलिका तिने आणखी आवळते आणि मध्यरात्री लघवी पूर्ण तुंबून नळी घालायला यावं लागतं.

वीर्यात रक्त. दिसायला भयंकर, पण एकदाच आलं आणि थांबलं तर बहुतेक वेळा किरकोळ सूज किंवा फुटलेली बारीक रक्तवाहिनी निघते. चाळिशीनंतर किंवा वारंवार आलं तर आम्ही तपासतो, आणि तुमचं वय पाहता तुम्हाला ते तपासणीत सांगायचंच आहे. याला लघवीतल्या रक्तात मिसळू नका. लघवी लाल किंवा तपकिरी दिसली, एकदाच दिसली, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ झाली, तरीही डॉक्टरांकडे जायचं. तिथे मला प्रोस्टेटपेक्षा मूत्राशयाच्या कॅन्सरची धास्ती जास्त असते. न दुखता आलेलं रक्त ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून दिलेली माणसं वर्षभराने परत येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

लैंगिक ताठरता कमी होणं तुम्ही लिहिलेलं नाही, पण याद्यांत असतं म्हणून सांगतो. त्याची कारणं बहुधा रक्तवाहिन्या, साखर, रक्तदाब, तंबाखू आणि मन इथे सापडतात. त्याच्यावरून मी प्रोस्टेट कॅन्सरचा संशय घेत नाही.

आता ज्या लक्षणांना मी खरोखर घाबरतो, ती लघवीच्या जागेपासून लांब असतात. हा कॅन्सर पसरतो तेव्हा हाडांकडे ओढ घेतो: मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. काही वर्षांपूर्वी ६८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे लघवी तुंबली म्हणून आले. नळी घातली, मोकळे झाले. बोलता बोलता त्यांनी पाठीवरून हात फिरवला, तसं विचारलं. पाच महिने पाठ दुखत होती. पट्टा झाला, शेक झाला, वेदनाशामक गोळ्या झाल्या. मी विचारलं, झोपल्यावर बरं वाटतं का? ते म्हणाले, ‘‘नाही हो, झोपलं की जास्त ठणकते, रात्रभर खुर्चीत बसून असतो.’’ पायांबद्दल विचारलं तर म्हणाले, जिना चढताना आठवडाभर पाय लटपटतात. त्यांचा पीएसए कित्येक शेकड्यांत निघाला आणि एमआरआयमध्ये मणक्यातली गाठ मज्जारज्जूला टेकलेली होती. त्याच दिवशी उपचार सुरू केले. ते स्वतःच्या पायांवर चालते राहिले, पण दोन दिवस उशीर झाला असता तर कदाचित राहिले नसते.

श्रमाने दुखावलेली पाठ सहसा विश्रांतीने निवते. जी पाठ विश्रांतीत आणि रात्री वाढते, आठवड्यागणिक चढत जाते आणि पन्नाशीनंतर नव्याने सुरू झाली आहे, तिचं कारण शोधल्याशिवाय नुसती गोळी घेत बसू नये. तिच्या जोडीला पायांत अशक्तपणा, जांघेभोवती किंवा बैठकीच्या जागेवर बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा शौचावरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जायचं. मज्जारज्जू दबल्यावर तासांचा हिशोब असतो. याशिवाय एका पायाला कारण नसताना सूज, वजन उतरणं, रक्त कमी होणं, थकवा किंवा दोन्ही मूत्रपिंडांची नळी अडून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचं माप) वाढणं हीही पुढच्या टप्प्याची चिन्हं. तुमच्या लिहिण्यात यातलं काहीच नाही, याची नोंद घ्या आणि जरा श्वास सोडा.

मग सुरुवातीचा आजार पकडायचा कशाने? दोन साध्या गोष्टी आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली म्हणजे गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी. तिच्या संकोचापायी अनेक जण वर्षं घालवतात. प्रत्यक्षात ती अर्ध्या मिनिटात संपते. बोटाला काय जाणवतं ते तुम्ही आत्ता स्वतःच्या हातावर पाहू शकता. अंगठा आणि करंगळी एकमेकांवर दाबा आणि अंगठ्याच्या मुळाशी फुगलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपा. निरोगी ग्रंथी साधारण तशी लागते, घट्ट पण दबणारी. आता मूठ आवळून बोटाच्या पेऱ्याचं हाड चाचपा. ग्रंथीत तसलं टणक काही लागलं, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा कडक आणि खडबडीत वाटली, की पीएसए कितीही असो, आम्ही पुढे जातो. पण बोट फक्त मागची बाजू चाचपतं आणि लहान गाठ त्याला कळत नाही. म्हणून बोटाला काही लागलं नाही, एवढ्यावर कोणी सुटत नाही.

दुसरी म्हणजे पीएसए. हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन, कॅन्सरचं नव्हे. अमेरिकेत १९८६मध्ये ही चाचणी आधी रुग्णाच्या देखरेखीसाठी मंजूर झाली, निदानाला मदत म्हणून वापरायला १९९४मध्ये. ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीत संसर्ग झाला, नळी घातली, तरी आकडा चढतो. संसर्गानंतर सहा ते आठ आठवडे थांबून तपासावं. तपासणीच्या आधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबची सायकलफेरी टाळावी. ४ नॅनोग्रॅमच्या वर गेला की कॅन्सर आणि खाली असला की नाही, असंही नसतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याखाली असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणी, झाली होती, त्यातल्या सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर सापडला. दुसरीकडे ४ ते १० या पट्ट्यात आकडा असलेल्या चौघांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतो.

इथे माझी एक चूक सांगतो. वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड नावाची गोळी देतात. सहा महिने घेतल्यावर ती पीएसए साधारण निम्म्यावर आणते. मी नवा होतो तेव्हा एका गृहस्थांचा अहवाल आला, ३.१. मी ‘उत्तम’ म्हणून फाइल मिटली. ती गोळी ते आठ महिने घेत होते आणि ते माझ्याच कागदावर लिहिलेलं होतं. खरा आकडा ६च्या वर धरायला हवा होता. पुढच्या वर्षी गोळी चालू असतानाच आकडा ४.४ झाला तेव्हा माझी झोप उडाली. सुदैवाने गाठ ग्रंथीतच होती. तेव्हापासून पीएसएचा कागद हातात घेण्याआधी मी गोळ्यांची यादी बघतो. तुम्हालाही कोणी ग्रंथीची गोळी सुरू करणार असेल, तर तिच्या आधी एकदा पीएसए करून ठेवा. केस गळण्यासाठी घेतात तीही बऱ्याचदा कमी ताकदीची फिनास्टेराइडच असते आणि ती सांगायला लोक हमखास विसरतात.

आकडा चढलेला निघाला तर लगेच बायोप्सीच्या टेबलावर चढायचं नसतं. आधी काही आठवड्यांनी तीच चाचणी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा करायची. पुष्कळदा आकडा आपोआप उतरतो. मात्र अँटिबायोटिक दिल्यावर उतरला म्हणून कॅन्सर नाही, असा निष्कर्ष काढू नये. मग ग्रंथीचं आकारमान बघायचं, कारण ८० ग्रॅमच्या ग्रंथीला ६ शोभतो, २५ ग्रॅमच्या ग्रंथीला शोभत नाही. त्यानंतर एमआरआय. तिच्यात संशयाला १ ते ५ असे गुण देतात, आणि ४ किंवा ५ आले तर त्या जागेचे नेमके तुकडे घेतात. पूर्वी एमआरआयशिवाय बारा ठिकाणी सुया टोचायचो, अंधारात बाण मारल्यासारखं. आता तसं करायला लागत नाही, याचं मला फार समाधान आहे.

कॅन्सर निघालाच तर? हा भाग भीतीपोटी कोणी ऐकून घेत नाही, म्हणून आधीच सांगतो. तुकड्यातल्या पेशी किती आक्रमक दिसतात यावर ग्लीसन गुण देतात. ६ म्हणजे सर्वांत सौम्य, ९ आणि १० म्हणजे आडदांड. सौम्य असेल तर आज आम्ही पुष्कळांना कापत नाही आणि किरणंही देत नाही, ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरज पडली तर पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवतो. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा अभ्यास झाला. त्यात पीएसएवरून सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या कॅन्सरच्या १६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं होतं: देखरेख, शस्त्रक्रिया, किरणोपचार. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशोब आला तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी होते. देखरेखीच्या गटात आजार पसरल्याची उदाहरणं जास्त होती, हेही खरं. म्हणून लक्ष ठेवायचं म्हणजे विसरून जायचं नाही. आक्रमक गाठीचं गणित वेगळं, तिथे वेळ घालवून चालत नाही.

सरसकट प्रत्येक पुरुषाने पीएसए करावा का, यावर आमच्यातही एकमत नाही आणि त्याचं कारण हेच आहे. आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठी सापडतात आणि त्यांच्या उपचारातून लघवीवरचा ताबा किंवा ताठरता जाऊ शकते. ७८ वर्षांच्या, हृदय कमकुवत असलेल्या, काही त्रास नसलेल्या माणसाला मी स्वतःहून ही चाचणी सुचवत नाही. तुमची गोष्ट निराळी आहे. वय ५७, पुढे बरीच वर्षं आहेत, आणि सख्ख्या भावाला हा आजार आहे म्हणजे तुमचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट किंवा थोडा अधिक. दुप्पट म्हणजे ‘होणारच’ नव्हे, पण माझ्या मते तुमच्या बाबतीत तपासायचं पारडं स्पष्ट जड आहे. लघवी ठणठणीत असती तरी मी हेच म्हटलं असतं.

जाताना तीन दिवसांची लघवीची वही न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या, केसांची असेल तर तीही. भावाच्या बायोप्सीच्या अहवालाची प्रत मिळाली तर उत्तम, कारण त्यांचा ग्लीसन ६ होता की ९, याने माझ्यासारख्याच्या सल्ल्यात फरक पडतो. आणि घरातल्या बायकांची चौकशी करा. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का? पुरुष हे सांगत नाहीत, कारण त्यांना त्याचा प्रोस्टेटशी संबंध वाटत नाही. पण बीआरसीए२ नावाच्या जनुकातला दोष स्त्रियांमध्ये स्तन आणि अंडाशय, तर पुरुषांमध्ये प्रोस्टेट अशा दोन्हीकडे डोकं वर काढतो, आणि त्या घराण्यातला प्रोस्टेट कॅन्सर लवकर येतो नि आक्रमक असतो.

मुलाचं विचारलंत. तीस वर्षांच्या मुलाचा पीएसए आज करून हाती काही लागणार नाही, उगाच एक आकडा घेऊन तो काळजी करत बसेल. काकांना हा आजार झाला, एवढं त्याला सांगून ठेवा. तुमच्याकडे काही निघालं तर त्याने पंचेचाळिशीत पहिली चाचणी करावी, आणि घरात जनुकाचा दोष सापडला तर चाळिशीत. तोवर त्याला काही करायचं नाही. तुम्ही मात्र या आठवड्यात वही सुरू करा.